पाण्याखाली 'एकटा' चालत नाही!

मित्रांनो, आपल्या सिंदी (रेल्वे)चं आणि समुद्राचं नातं म्हटलं तर काहीच नाही. मुंबई-हावडा लाईनवरचं आपलं स्टेशन आणि आजूबाजूला कापूस, तूर, सोयाबीन. बंदर म्हणाल तर तेही कोरडंच, म्हणजे २०१७ साली भूमिपूजन झालेलं जेएनपीटीचं ड्राय पोर्ट! मग इथल्या पोरांसाठी स्कूबा डायव्हिंगवर लेख कशाला, असं कोणीही विचारेल. कारण सरळ आहे. परीक्षा संपली की एखादी तरी गँग मालवण-तारकर्लीचा प्लॅन करतेच आणि त्यात 'स्कूबा' हा आयटम असतोच. पण त्या पंधरा-वीस मिनिटांच्या मागे शिकण्या-शिकवण्याची केवढी मोठी साखळी उभी आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

आधी थोडं फिजिक्स. समुद्रात दर दहा मीटरला दाब साधारण एक वातावरणाने वाढतो. पृष्ठभागावर एक, दहा मीटरवर दोन, वीस मीटरवर तीन. बॉईलचा नियम आपण अकरावी-बारावीत घोकला, इथे तो थेट छातीत भेटतो. दहा मीटरवर फुप्फुसं भरून हवा घेतली आणि श्वास रोखून वर आलात, तर ती हवा दुप्पट जागा मागते. ती जागा नसते, म्हणून फुप्फुसाला इजा होते. म्हणून डायव्हिंगचा पहिला नियम असा की श्वास कधीही रोखायचा नाही. आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकलेल्यांची सवय नेमकी उलटी असते. दम कोंडून बुडी मारायची! म्हणजे चांगला पोहणाराही इथे पहिलीच्या वर्गात बसतो.

आता एक छोटं न्यूमेरिकल. १२ लिटरच्या सिलेंडरमध्ये २०० बार दाबाने हवा भरली तर ती साधारण २४०० लिटर होते. त्यातली ५० बार, म्हणजे ६०० लिटर, राखीव ठेवायची. उरली १८००. पृष्ठभागावर माणूस मिनिटाला २० लिटर हवा वापरतो असं धरलं तर ती ९० मिनिटं पुरेल. पण दहा मीटरवर दाब दुप्पट, म्हणून वेळ ४५ मिनिटं आणि वीस मीटरवर फक्त ३०. त्यातून नवखा माणूस घाबरून भराभर श्वास घेतो, त्याची हवा आणखी लवकर संपते. आणि गंमत म्हणजे जोडीतल्या एकाची हवा कमी झाली की दोघांनीही वर यायचं असतं.

या जोडीदाराला डायव्हर 'बडी' म्हणतात. आपल्या भाषेत पार्टनर. फरक एवढाच की आपला रूम पार्टनर फार तर चहापत्ती संपवतो, पाण्याखालच्या पार्टनरच्या हातात आपला जीव असतो. पाण्यात उतरण्याआधी दोघं एकमेकांचं जॅकेट, वजनं, बकल आणि हवा तपासतात. प्रत्येकाच्या अंगावर तोंडात धरायची दोन साधनं असतात. दुसरं बहुधा पिवळ्या रंगाचं असतं, कारण ते दुसऱ्याला पटकन दिसावं. त्याची हवा संपली तर त्याने ते ओढून घ्यावं, म्हणूनच ते लावलेलं असतं. विचार करा, जे आपल्या पाठीवर वागवायचं त्यातला एक भाग मुळात दुसऱ्यासाठीच!

पाण्यात बोलता येत नाही, म्हणून खुणांची भाषा आली. तीही सगळ्या जगाची जवळपास एकच. अंगठा आणि तर्जनी जोडून गोल केला की 'ठीक आहे'. सपाट पंजा हलवला की 'काहीतरी बिघडलंय'. गळ्यावरून आडवा हात फिरवला की 'हवा संपली'. आणि आपण उठसूट दाखवतो तो अंगठा? त्याचा अर्थ 'मस्त' नाही, 'वर चला'. खूश होऊन अंगठा दाखवलात तर तुमची सफर तिथेच संपते.

हे सगळं एका दिवसात कोणा एकाच्या डोक्यातून आलेलं नाही. १९४३ साली फ्रान्समध्ये जाक कुस्तो हा नौदल अधिकारी आणि एमिल गान्यां हा इंजिनिअर यांनी 'ॲक्वालंग' बनवलं. मेकॅनिकलवाल्यांनो, कॉलर ताठ करा! गान्यांकडे युद्धकाळात पेट्रोलऐवजी गॅसवर गाडी चालवण्यासाठी तयार केलेला व्हॉल्व्ह होता. तोच सुधारून, श्वास ओढला की लागेल तेवढीच हवा देणारा रेग्युलेटर झाला. यंत्र आलं, पण शिकवणार कोण? मग १९५३ मध्ये ब्रिटिश सब-ॲक्वा क्लब निघाला, १९६६ मध्ये अमेरिकेत पॅडी ही प्रशिक्षण संस्था सुरू झाली. क्लबची पद्धत आपल्या होस्टेलसारखीच, सीनियरने ज्युनियरला शिकवायचं.

शिकण्याचा पुरावा म्हणजे लॉगबुक. आपल्या जर्नलचाच भाऊ म्हणा ना! तारीख, जागा, खोली, वेळ, सुरुवातीची हवा, शेवटची हवा, पाणी किती स्वच्छ होतं, हे सगळं लिहायचं आणि खाली बडीची किंवा प्रशिक्षकाची सही घ्यायची. फक्त जर्नल आपण सबमिशनच्या आदल्या रात्री उतरवून काढतो, तसं हे चालत नाही. अनोळखी ठिकाणी गेलात की तिथले लोक ही वही बघूनच तुम्हाला कुठे न्यायचं ते ठरवतात.

याहूनही मोलाची एक सवय या मंडळींनी लावून घेतली. अपघात लपवायचा नाही, सगळ्यांना सांगायचा. ब्रिटिश क्लब कितीतरी दशकं दरवर्षी अपघातांचा अहवाल काढतो, कोणाचंही नाव न देता. अमेरिकेतलं डायव्हर्स अलर्ट नेटवर्कही हेच काम करत आलं आहे. एकाची चूक हजारांचा धडा होते. उद्या पूल आणि बॉयलर बांधणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही सवय आत्ताच उचलायला हरकत नाही.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. मालवणचा समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झाला. तेव्हा स्थानिक मच्छीमारांचा विरोध होता आणि तो समजण्यासारखा आहे, पोटाचा प्रश्न होता. पुढे २०१० नंतरच्या वर्षांत संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीने सिंधुदुर्गात किनारी जैवविविधतेचा प्रकल्प चालला. त्यात स्थानिक तरुणांना स्कूबा आणि स्नॉर्केलिंगचं शिक्षण मिळालं. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था, 'इसडा', उभी राहिली. या सगळ्यात सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांचा मोठा वाटा आहे. खडक कुठे, ओढ कधी वाढते, पाणी कधी गढूळ होतं, हे मच्छीमाराच्या पोराला लहानपणापासून माहीत असतं. दाब आणि हवेचं गणित प्रशिक्षकाला माहीत असतं. दोघं एकत्र आले तेव्हा चांगला गाईड तयार झाला. ज्या प्रवाळावर पोट अवलंबून, ते जपावं असंही मग आपोआप वाटू लागतं.

पण साखळीची एक कडी ढिली असली तरी भोगावं लागतं. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. धोका पाण्याखाली होता तसा बोटीवरही होता. म्हणून जाल तेव्हा एवढं जरूर करा.

प्रशिक्षकाचं कार्ड दाखवायला सांगा, त्यात लाज कसली? एका प्रशिक्षकामागे किती जण, ते विचारा. बोटीवर लाईफ जॅकेट घाला आणि घालूनच राहा. दमा, कानाचा त्रास, सर्दी असेल तर फॉर्मवर खरं लिहा. आदल्या रात्रीची 'पार्टी' रद्द करा. उतरताना कान दुखायच्या आधीच नाक दाबून हलकी हवा सोडा. नंतर विमान पकडायचं असेल तर १२ ते १८ तास मध्ये जाऊ द्या. आणि पावसाळ्यात कोणी 'चला, नेतो' म्हणालं तर सरळ नाही म्हणा.

पर्यटक करतो ती नुसती चव असते, प्रशिक्षक हात धरूनच असतो. खरं शिकायचं असेल तर ओपन वॉटर कोर्स करावा. २०० मीटर पोहणं, १० मिनिटं तरंगणं आणि समुद्रात किमान चार डाईव्ह, एवढं पार पडलं की १८ मीटरपर्यंत बडीसोबत जायचं कार्ड मिळतं. पोहण्याची तयारी तर इथूनही करता येते.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या ट्रिपला पैसे जमवायच्या आधी एक गोष्ट ठरवा. तुमचा बडी कोण? आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, तुम्ही कोणाचे बडी व्हायच्या लायक आहात का?