विमान लेट, मीटिंग थेट गेली? आधी तिकिटाचं गणित बदला

जानेवारी महिना आहे. दिल्लीत सकाळी ११ वाजता बायरसोबत मीटिंग. पुण्याहून पहाटेचं विमान धरायचं आणि हॉटेलचे तीन हजार वाचवायचे, असा हिशोब तुम्ही केलाय. कागदावर एकदम बरोबर! पण डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत पहाटे दाट धुकं असतं. विमान पुण्यातूनच सुटत नाही, नाहीतर वर घिरट्या घालून जयपूरला उतरतं. तुम्ही तिथे विमानातच अडकलेले, आणि बायर दुसऱ्या सप्लायरसोबत चहा पितोय.

एरवी मी उलटंच सांगतो, दिवसाचं पहिलं विमान घ्या. एकच विमान दिवसभर फेऱ्या मारत असतं, त्यामुळे सकाळचा उशीर संध्याकाळपर्यंत साठत जातो. त्यात मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, दोन्ही एकदम वापरता येत नाहीत. पावसाळ्यात तासभर जोरात कोसळला की वेळापत्रक विस्कटलंच. हिवाळ्यातली दिल्ली मात्र अपवाद. तिथे आदल्या दिवशी दुपारीच पोचा. हॉटेलचं बिल ही चैन नाही हो, तो ऑर्डर मिळवण्याचा खर्च आहे. कॉस्टिंगमध्ये धरा.

आता जिथे खरा मार बसतो ते बघा. स्वस्त पडतं म्हणून कोल्हापूर-मुंबई एक तिकीट आणि मुंबई-दुबई वेगळं तिकीट. पहिलं विमान लेट झालं आणि दुसरं चुकलं, तर दुबईवाल्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. पैसे बुडाले. सगळा प्रवास एकाच पीएनआरवर असेल तर पुढची सोय कंपनीला बघावी लागते. दोन हजार जास्त गेले तरी चालतील.

भरपाईचं काय? डीजीसीएच्या नियमानुसार उशीर सहा तासांच्या वर जाणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण रिफंड मागता येतो. वेळेत न कळवता विमान रद्द केलं तर प्रवासाच्या वेळेनुसार कमाल ५,००० ते १०,००० रुपये. पण कारण धुकं किंवा पाऊस असेल तर ही भरपाई मिळत नाही. त्यामुळे काउंटरवरच्या मुलीशी भांडू नका, तिच्या हातात काहीच नसतं.

त्यापेक्षा रांगेत उभं राहूनच ॲपवर दुसरं विमान शोधा आणि बायरला लगेच फोन लावा. सॅम्पल दोन दिवस आधी कुरिअरने त्याच्या टेबलावर पोचलेलं असेल, तर ११ची मीटिंग ११लाच व्हिडिओ कॉलवर घेता येईल.