विटांचा हिशोब

हडप्पाकालीन विटेची उंची, रुंदी आणि लांबी यांचे प्रमाण १:२:४ असे असे. माप ठरलेले असले की मोजणी सुकर होते, हे त्या कारागिरांनी सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी जाणले होते. लोकवर्गणीतून वर्गखोली उभारणाऱ्या समाजाने तर ही मोजणी शिकलीच पाहिजे. त्या वर्गणीत कित्येकांची दिवसभराची मजुरी असते.

मानक वीट १९ × ९ × ९ सेंटीमीटरची. १ सेंटीमीटर मसाल्याचा सांधा धरला की ती भिंतीत २० × १० × १० सेंटीमीटर जागा व्यापते. अर्थात एका घनमीटरला ५०० विटा. समजा, भिंत १० मीटर लांब, ३ मीटर उंच व २० सेंटीमीटर जाड आहे. घनफळ ६ घनमीटर, विटा ३,०००. परंतु १ × २ मीटरचे दार आणि प्रत्येकी १ चौरस मीटरच्या दोन खिडक्या, मिळून ०.८ घनमीटर, वजा करावयास हव्यात. उरतात २,६००. फुटतुटीसाठी ५ टक्के मिळवून २,७३०. दारे-खिडक्या विसरणारा मात्र ३,१५० विटा मागवतो. ४२० विटांचे पैसे अकारण खर्ची पडतात.

गावाकडच्या भट्टीची वीट पुष्कळदा या मापाची नसते. तेव्हा वीस विटा ओळीने मांडून एकूण लांबीस विसाने भागावे, रुंदी-उंचीचेही तसेच. त्यांत सांधा मिळवून एका विटेचे घनफळ काढावे व त्याने भिंतीच्या घनफळास भागावे. गवंड्याचा अंदाज अनुभवातून आलेला असतो, त्याचा मान राखावा. तरी वर्गणीदारांसमोर ठेवावयाची ती वहीतली आकडेमोडच.