अडीचशे ते दीड हजार

अमेरिकेत व्यावसायिक वैमानिकाचा परवाना साधारण 250 तासांच्या उड्डाणानंतर हातात पडतो. प्रवासी विमान कंपनीत सहवैमानिक म्हणून बसायला मात्र 1500 तास लागतात. वैमानिक मुलं या मधल्या काळाला ‘अवर बिल्डिंग’ म्हणतात. प्रशिक्षण संपलेलं, कर्जाचे हप्ते सुरू झालेले आणि 1250 तास अजून बाकी, अशी ही अवस्था असते.

ही अट एका अपघातातून आली. 12 फेब्रुवारी 2009 च्या रात्री नेवार्कहून बफेलोला निघालेलं कोल्गन एअरचं विमान विमानतळाच्या अलीकडे एका घरावर कोसळलं. विमानातले 49 आणि घरातला एक, असे 50 जण दगावले. वेग धोक्याच्या पातळीला उतरल्याचा इशारा मिळाल्यावर नाक खाली दाबायचं असतं. कॅप्टननं ते वर ओढलं होतं. मृतांच्या नातेवाइकांनी पाठपुरावा सोडला नाही. 2010 मध्ये कायदा झाला आणि 2013 पासून सहवैमानिकालाही 1500 तास सक्तीचे झाले. विमानशास्त्राचे पदवीधर आणि लष्करातून आलेले वैमानिक यांना त्यात सवलत आहे.

त्या विमानातल्या दोन्ही वैमानिकांकडे 1500 पेक्षा जास्त तास होते. कॅप्टनकडे तर तीन हजारांवर. म्हणून नुसत्या आकड्यापेक्षा ते तास कसे भरले जातात, याची मला अधिक काळजी वाटते.

खिशातून भरायचे म्हटलं तर हिशोब भयंकर आहे. सेसनासारख्या छोट्या विमानाचं इंधनासह भाडं तासाला 150 डॉलर धरलं, तरी 1250 तासांचे 1,87,500 डॉलर होतात. रुपयांत दीड कोटीच्या वर. मग दोघं मिळून विमान भाड्यानं घेतात. एकानं बाहेरचं दिसू नये असा हूड डोक्याला लावून फक्त उपकरणांवर उडवायचं, दुसऱ्यानं सुरक्षा वैमानिक म्हणून आकाशावर नजर ठेवायची. हूड लावलेला तेवढा वेळ नियमानुसार दोघांच्याही लॉगबुकात लिहिता येतो आणि खर्च निम्म्यावर येतो.

तरीही खरा मार्ग म्हणजे ज्याला विमान उडायला हवं आहे, त्याच्या पैशानं उडणं. कुणी जाहिरातीचे फलक ओढतात, कुणी पॅराशूटवाल्यांना वर नेऊन सोडतात, कुणी तेलवाहिन्यांवरून पाहणी करतात. पण बहुतेकांचे तास भरतात ते शिकवून. विमानाचं भाडं विद्यार्थी देतो, प्रशिक्षकाला वर पगार मिळतो आणि दोघांचे तास वाढतात. शिवाय धावपट्टी जवळ येत असताना विद्यार्थ्याची चूक किती वेळ चालू द्यायची आणि नेमकं कधी कंट्रोल हातात घ्यायचं, हे ठरवताना जे अंगी मुरतं, ते एकट्यानं निवांत घिरट्या घालून मुरत नाही.

म्हणून अशा मुलांना मदत द्यायची तर ती तास विकत घ्यायला देऊ नये. प्रशिक्षकाच्या रेटिंगला, म्हणजे परवान्यावरच्या त्या जादा पात्रतेला द्यावी, असं माझं ठाम मत आहे. त्या रेटिंगला काही हजार डॉलर लागतात, आणि पुढचे हजारभर तास त्यातून पगारासह येतात. महिला वैमानिकांच्या ‘नाइन्टी-नाइन्स’ या संघटनेची अमेलिया इअरहार्टच्या नावाची शिष्यवृत्ती 1941 पासून दिली जाते, तीही अशाच पुढच्या रेटिंगसाठी. इअरहार्ट या संघटनेच्या पहिल्या अध्यक्ष होत्या.

आपल्याकडचं चित्र वेगळं आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा (डीजीसीए) व्यावसायिक परवाना 200 तासांवर मिळतो, आणि त्यानंतर विशिष्ट विमानाचं टाइप रेटिंग करून थेट एअरबसच्या उजव्या, म्हणजे सहवैमानिकाच्या खुर्चीत बसता येतं. मात्र त्या रेटिंगलाही लाखो रुपये लागतात. आधीच जमीन किंवा घर गहाण ठेवलेल्या कुटुंबाची इथे दमछाक होते. मुलगा किंवा मुलगी घरी बसते, हात विसरत जातात.

इथेही परवान्यानंतर सहायक प्रशिक्षकाचं रेटिंग घेता येतं, आणि बारामती, गोंदिया, धुळे इथे उड्डाण प्रशिक्षण चालतं. एखादा ट्रस्ट, कारखाना किंवा गावाबाहेर स्थिरावलेली मंडळी अशा मुलांसाठी निधी उभारणार असतील, तर त्यांना माझी विनंती आहे: पहिला चेक या रेटिंगच्या फीसाठी फाडा, आणि दुसरा पगार सुरू होईपर्यंतच्या खोलीभाड्यासाठी.