शेजार आणि जातिनिर्मिती

एका जीवजातीतून दुसरी कशी उद्भवते, या प्रश्नाचा विचार करताना जीवशास्त्राने दीर्घकाळ विलगतेवरच भर दिला. समुद्र वा पर्वत आड येऊन एका कुळाची दोन दलांत फाटाफूट झाली, की पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्यात भेद साचत जातात, हा सिद्धान्त खोटा नव्हे. परंतु तो अर्ध्या वाटेवर थांबतो. कारण अशी दुरावलेली भावंडे पुढे एकाच मुलखात समोरासमोर आली, तर त्यांनी परस्परांत मिसळून जावे, एकाने दुसऱ्यास हुसकून लावावे, की अन्नाची वाटणी करून दोघांनी नांदावे, याचा निवाडा सहवासातच होतो.

डार्विनने १८३५ मध्ये पाहिलेल्या गॅलापागोस बेटांवरील फिंच पक्ष्यांच्या चोचींतील भेद एकत्र राहणाऱ्या जातींच्या स्पर्धेने रुंदावले असावेत, असे प्रतिपादन डेव्हिड लॅक यांनी १९४७ च्या आपल्या ग्रंथात केले होते. मात्र ते अनुमान होते. ही प्रक्रिया घडताना पाहण्याचा योग पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्यास आला. चौरस किलोमीटरच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढ्या डॅफ्नी मेजर या ओसाड बेटावर १९७३ पासून त्यांनी पक्ष्यांच्या पायांत रंगीत कडी चढवून आणि चोची मोजून कित्येक पिढ्यांचे दफ्तर राखले.

१९७७ च्या अवर्षणात बारीक बिया संपल्या आणि उरली ती मुख्यतः आपल्या माळरानावरील सराट्याच्याच कुळातील काटेरी, लाकडासारखी टणक फळे. ती फोडण्याचे सामर्थ्य ज्या मध्यम भूफिंचांच्या चोचीत होते तेच प्रायः तगले आणि पुढील पिढीची चोच सरासरीने मोठी झाली. परंतु २००४-०५ च्या सुमारास तसाच दुष्काळ पडला तेव्हा निकाल नेमका उलटा लागला: थोराड चोचीचे मेले, लहान चोचीचे वाचले. मधल्या काळात, १९८२ पासून, वजनाने सुमारे दीडपट असलेल्या मोठ्या भूफिंचाने बेटावर बस्तान बसवले होते. सराटे हा त्याचाच मक्ता झाला आणि तो साठा फस्त करता करता तो स्वतःही जवळजवळ निःशेष झाला. बेट तेच, पक्षी तेच, संकटही तेच. बदलला होता तो शेजारी.

याच दफ्तरात आणखी एक विलक्षण कैफियत आहे. १९८१ मध्ये शंभराहून अधिक किलोमीटरांवरील एस्पान्योला बेटावरून एक परका नर येथे येऊन पोहोचला आणि त्याने स्थानिक मादीशी जोडी केली. त्याच्या वंशजांनी पुढे आपसातच विवाहसंबंध ठेवले, कारण त्यांचे गाणे वेगळे होते आणि चोचही वेगळी होती. त्यांना स्वतंत्र जाती म्हणावे की नाही, हा वाद चालू राहील. तथापि जुन्या वहिवाटदारांच्या हक्कांतून सुटलेली अन्नाची जागा त्यांना लाभली, म्हणूनच वेगळेपण राखून ते तगले, हे विसरता येत नाही.

म्हणून जातिनिर्मितीच्या हिशेबात विरहाइतकाच सहवासही धरला पाहिजे. एखादी जाती नष्ट होते तेव्हा तिच्या शेजाऱ्यांवरील दडपणही नाहीसे होते आणि त्यांच्या पुढील पिढ्यांच्या घडणीची दिशा पालटते. ती हानी एका नावापुरती कधीच राहत नाही.