दुसऱ्या सुवाह्य ध्वनिमुद्रकाची निवड : वर्धा जिल्ह्यातील भजन व लोकगीतांच्या प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाच्या संदर्भात

प्रस्तावना :

वर्धा जिल्ह्याचा उल्लेख होताच महात्मा गांधींचे सेवाग्राम आणि आचार्य विनोबांचे पवनार ही नावे सर्वप्रथम डोळ्यांसमोर येतात. १९३६ मध्ये गांधीजी सेवाग्रामला, म्हणजे तेव्हाच्या शेगावला, राहावयास आले. तेथील सर्वधर्म प्रार्थनेने या भूमीला सामुदायिक गायनाची एक परंपरा दिली. दुसरी तितकीच समर्थ परंपरा राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (१९०९–१९६८) खंजिरी भजनाची होय. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील गुरुकुंज मोझरी हे तिचे केंद्र असले, तरी श्रीगुरुदेव सेवा मंडळांच्या माध्यमातून ती वर्धा जिल्ह्याच्या गावागावांत पोहोचली. यांखेरीज भुलाबाईची गाणी, कार्तिकातील काकडआरती, दंडार आणि जात्यावरच्या ओव्या असे विपुल मौखिक धन येथे आहे.

हे धन ज्यांच्या कंठात आहे ती पिढी आता वृद्ध झाली आहे. त्यामुळे मराठी, संगीत, समाजशास्त्र व इतिहास या विषयांचे अभ्यासक क्षेत्रीय ध्वनिमुद्रणाकडे वळत आहेत. बहुतेकांजवळ एक सुवाह्य ध्वनिमुद्रक असतो. थोडी तरतूद झाली की दुसरा घेण्याचा विचार सुरू होतो आणि ‘पहिल्यापेक्षा चांगला कोणता?’ असा प्रश्न विचारला जातो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे. दुसरे यंत्र पहिल्याहून श्रेष्ठ असण्यापेक्षा पहिल्याहून भिन्न असणे अधिक महत्त्वाचे आहे.

एकच ध्वनिमुद्रक अपुरा का ठरतो?

प्रस्तुत लेखकाच्या अनुभवातील एक प्रसंग येथे नमूद करणे आवश्यक वाटते. आर्वी तालुक्यातील एका गावी एका वृद्ध आजींकडून भुलाबाईची गाणी ऐकण्याचा योग आला. दीड तास त्या गात होत्या. ध्वनिमुद्रकाच्या पडद्यावर वेळ पुढे सरकताना दिसत होती. शेवटच्या काही मिनिटांत सेल संपले व यंत्र बंद पडले. घरी येऊन पाहिले तर फाईलचा आकार शून्य दिसत होता. पुन्हा जाण्याचे ठरले, परंतु पुढच्या कोजागिरीपूर्वीच आजींचे निधन झाले. त्यांच्या गाण्यांपैकी निम्मी गाणी गावात दुसऱ्या कोणाला येत नव्हती.

असे का घडते, हे समजून घेतले पाहिजे. वेव्ह प्रकारच्या फाईलच्या आरंभी एक लहानसा शीर्षभाग असतो. पुढे किती ध्वनी साठविला आहे, याची नोंद त्यात असते. अनेक यंत्रांत ही नोंद मुद्रण थांबविण्याचे बटण दाबल्यावरच पूर्ण होते. तत्पूर्वी वीज गेली, तर ध्वनी कार्डावर असूनही संगणकाला तो ओळखता येत नाही. अशा वेळी कार्डावर नवे काहीही न लिहिता पुनर्प्राप्तीच्या आज्ञावलीने फाईल परत मिळविण्याचा प्रयत्न करता येतो. ही माहिती लेखकास नंतर मिळाली. तोवर त्याच कार्डावर दुसऱ्या गावचे भजन मुद्रित झाले होते.

साधनांचा पूर्वेतिहास :

महाराष्ट्रात क्षेत्रीय ध्वनिमुद्रणाचे मोठे उदाहरण म्हणजे हेमा राईरकर व गी पॉइटवँ यांचा जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प होय. त्यात एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या आणि १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने त्यांतील काहींचे ध्वनिमुद्रण झाले. आज हा संग्रह ‘परी’ या संकेतस्थळावर सर्वांना उपलब्ध आहे.

मधल्या काळात साधने झपाट्याने बदलली. कॅसेटनंतर १९८७ मध्ये डिजिटल ऑडिओ टेप व १९९२ मध्ये मिनिडिस्क आली. २००५ नंतर स्मृतिकार्डावर मुद्रण करणारी हातातील यंत्रे प्रचारात आली. मिनिडिस्क यंत्रांची विक्री सोनी कंपनीने २०१३ मध्ये थांबविली. यावरून एक बोध होतो तो असा की, जुने यंत्र कपाटात सुस्थितीत आहे एवढ्याने ते ‘दुसरे यंत्र’ ठरत नाही. त्याची फीत, त्याची चकती आणि ती वाचणारे उपकरण ही तिन्ही उपलब्ध असली पाहिजेत.

निवडीचे मूळ तत्त्व :

समजा, एखादे यंत्र वीस कार्यक्रमांपैकी एकदा दगा देते. दोन यंत्रे परस्परांपासून स्वतंत्र असतील, तर दोन्ही एकाच वेळी बंद पडण्याची शक्यता चारशेपैकी एक इतकी अल्प होते. परंतु दोन्ही यंत्रे मंडपातील एकाच बोर्डावर जोडली असतील, एकाच मायक्रोफोनची वायर दोघांत विभागली असेल किंवा दोघांची ध्वनिपातळी एकाच अंदाजाने लावली असेल, तर हा गुणाकार लागू पडत नाही. वीज गेली की दोन्ही जातात, वायर तुटली की दोन्ही मुकी होतात. म्हणून दुसऱ्या यंत्राची निवड करताना ‘पहिले ज्या कारणाने बंद पडेल, त्याच कारणाने हेही बंद पडेल काय?’ हा प्रश्न प्रत्येक घटकाबाबत विचारावा.

निवडीचे निकष :

१) वीजपुरवठा : गावात कार्यक्रमाच्या वेळी वीज असेलच असे गृहीत धरता येत नाही. पहिल्या यंत्रात आतील न बदलता येणारी बॅटरी असेल, तर दुसरे यंत्र पेन्सिल सेलवर चालणारे असावे. असे सेल खेड्यातील किराणा दुकानातही मिळतात. पुनर्भारित सेल वापरल्यास यंत्रात तसा प्रकार निवडावा. साध्या सेलचा दाब १.५ व्होल्ट, तर पुनर्भारित सेलचा १.२ व्होल्ट असल्याने प्रकार चुकल्यास उरलेल्या शक्तीचा दर्शक फसवा ठरतो.

२) स्वतःचे मायक्रोफोन : दुसऱ्या यंत्रास अंगभूत मायक्रोफोन असावेत. ‘वायरच आणली नाही’ ही अडचण त्यामुळे उद्भवत नाही. मात्र असे यंत्र हातात धरल्यास बोटांचा आवाजही मुद्रित होतो, म्हणून लहान तिपाई घ्यावी. वाऱ्यासाठी केसाळ आवरण आवश्यक आहे. उघड्या अंगणात पंखा वा वारा यांची घरघर नंतर काढून टाकणे अतिशय कठीण असते.

३) हाताने पातळी लावण्याची सोय : हा निकष सर्वांत महत्त्वाचा मानावा. स्वयंचलित पातळी नियंत्रणात यंत्र शांत जागी आवाज वाढविते व मोठा आवाज येताच तो दाबते. खंजिरी भजनात याचा परिणाम विपरीत होतो. महाराज एकट्याने चरण म्हणत असताना पार्श्वभूमीतील कुजबुज व रातकिडे वर येतात. मंडळाने खंजिरी व टाळांसह ध्रुपद उचलताच संपूर्ण आवाज आत ओढला जातो. अभ्यासकाला हवा असलेला लहानमोठेपणाचा डौल यात नष्ट होतो. भाषणासाठी बनविलेली कार्यालयीन यंत्रे बहुधा याच कारणाने गायनास निरुपयोगी ठरतात.

४) मुद्रणाचा दर्जा : ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जतनासाठी किमान ४८ किलोहर्ट्झ व २४ बिट हा दर्जा सुचविला आहे. प्रत्येक बिट साधारणतः ६ डेसिबलचा पल्ला देतो. १६ बिटांत ९६ व २४ बिटांत तत्त्वतः १४४ डेसिबल मिळतात. त्यामुळे २४ बिटांत पातळी थोडी कमी ठेवली तरी हानी होत नाही. या दर्जाने दोन वाहिन्यांच्या ध्वनीस एका तासाला सुमारे १.०४ गिगाबाइट जागा लागते. ३२ गिगाबाइटच्या कार्डावर जवळजवळ तीस तास मावतात. एमपी३ प्रकार जागा वाचवितो, परंतु त्यात गाळलेला ध्वनी परत मिळत नाही.

५) ३२ बिट फ्लोट : अलीकडील काही यंत्रांत पातळी लावावीच लागत नाही. या पद्धतीत अतिमोठा व अतिलहान असे दोन्ही आवाज एकाच फाईलमध्ये टिकतात. झूम कंपनीने २०२४ मध्ये आणलेल्या एच१ इसेन्शियल या लहान यंत्रातही ही सोय आहे. एकट्याने प्रश्न विचारणे, टिपणे घेणे व मुद्रण करणे अशी तिन्ही कामे करणाऱ्या अभ्यासकास ती वरदान आहे. तथापि, मायक्रोफोनच अतिमोठ्या आवाजाने विदीर्ण झाला, तर ही पद्धत तो सुधारू शकत नाही. त्यामुळे यंत्र ढोल वा भोंग्यापासून दूरच ठेवावे.

६) कार्ड व खटके : दोन्ही यंत्रांसाठी वेगवेगळ्या वेळी घेतलेली कार्डे वापरावीत. मुद्रण चालू असताना बटणे गोठविणारा खटका असावा आणि चालू स्थितीचा लाल दिवा दुरून दिसावा. फाईल २ वा ४ गिगाबाइटला पोहोचल्यावर यंत्र आपोआप पुढची फाईल उघडते काय व जोडावर आवाज तुटतो काय, हे घरीच तपासावे.

पर्यायांची तुलना :

पहिला पर्याय म्हणजे पहिल्यासारखेच दुसरे यंत्र घेणे. त्यात सेल, कार्ड व सवय समान राहते, विद्यार्थ्यांना शिकविणे सोपे जाते. पण दोष व मर्यादाही समान राहतात. दुसरा पर्याय अंगभूत मायक्रोफोनच्या लहान यंत्राचा. झूम एच१एन (२०१८) किंवा टॅस्कॅम डीआर-०५एक्स (२०१९) ही या वर्गातील परिचित उदाहरणे होत. यांत मोठ्या मायक्रोफोनसाठी लागणारे एक्सएलआर जोड व ४८ व्होल्टचा पुरवठा नसतो, परंतु राखीव यंत्राला त्यांची गरजही नसते. तिसरा पर्याय भ्रमणध्वनीचा. तो खिशात असतोच, मात्र येणारा दूरध्वनी मुद्रण खंडित करू शकतो आणि आवाज ‘स्वच्छ’ करण्याची त्याची अंगभूत प्रक्रिया तंबोऱ्यासारख्या अखंड स्वराला गोंगाट समजून दाबू शकते. म्हणून त्यास दुसरे नव्हे, तर तिसरे साधन मानावे.

उपरोक्त विवेचनावरून, ज्यांच्याजवळ चार वाहिन्यांचे व बाह्य मायक्रोफोनचे यंत्र आहे, त्यांनी दुसरे म्हणून पेन्सिल सेलवर चालणारे, अंगभूत मायक्रोफोनचे व हाताने पातळी लावता येणारे लहान यंत्र घेणे श्रेयस्कर होय. याउलट ज्यांचे पहिले यंत्रच लहान आहे, त्यांनी बाह्य मायक्रोफोन व लाइन जोड असलेले यंत्र घ्यावे. म्हणजे राखीव साधनाबरोबर कामाची कक्षाही वाढते.

दोन यंत्रे वापरण्याची पद्धत :

ध्वनिक्षेपकाचा कार्यक्रम असेल, तर एक यंत्र मिक्सरच्या लाइन जोडावर व दुसरे श्रोत्यांत ठेवावे. मिक्सरमधून शब्द स्पष्ट येतात, परंतु ज्या वाद्यापुढे मायक्रोफोन नाही ते व श्रोत्यांची साथ त्यात नसते. श्रोत्यांतील यंत्रात संपूर्ण वातावरण येते. लाइनचा दाब मायक्रोफोनच्या दाबाहून कित्येक पटींनी अधिक असल्याने तो चुकूनही मायक्रोफोनच्या जोडात घालू नये. रात्री दहानंतर भोंगा बंद होऊन भजन उघड्या आवाजात चालू राहिले, तर मिक्सरमध्ये काहीच येत नाही. अशा वेळी श्रोत्यांतील यंत्रच उपयोगी पडते आणि त्याची पातळी लगेच वाढवावी लागते.

पहिल्या यंत्रात सर्वांत मोठा आवाज कमाल मर्यादेच्या १२ डेसिबल खाली, तर दुसऱ्यात २० डेसिबल खाली राहील असे ठेवावे. अनपेक्षित गजर झाला, तरी दुसरी प्रत सुरक्षित राहते. दोन्ही यंत्रे सुरू करून एकदा टाळी वाजवावी व शेवटीही वाजवावी, कारण दोन यंत्रांची घड्याळे कधीच तंतोतंत जुळत नाहीत. दहा लाखांत वीस भागांचा फरक धरला, तरी तीन तासांत सुमारे एकपंचमांश सेकंदाचे अंतर पडते. शिवाय ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. पंधरा मीटर दूरच्या यंत्रात तो मिक्सरपेक्षा सुमारे ४४ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. दोन्ही ध्वनी एकत्र करावयाचे असल्यास हे अंतर काढून टाकावे, अन्यथा प्रत्येक टाळ दुहेरी ऐकू येतो. वर्ध्याच्या उन्हाळ्यात यंत्र बंद मोटारीत ठेवू नये, हेही ध्यानात असावे.

परवानगी व जतन :

१९५७ च्या प्रतिलिप्यधिकार कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताला आपल्या सादरीकरणावर अधिकार मिळाला. खऱ्या अध्यापन वा संशोधनासाठी केलेल्या मुद्रणास कलम ३९ सूट देते. तथापि कायद्याची सूट म्हणजे गायकाची संमती नव्हे. संमती आरंभीच विचारावी व तिचा आवाज मुद्रणातच घ्यावा. नाव, गाव, दिनांक व प्रसंग हेही त्याच वेळी बोलून ठेवावे. घरी परतल्यावर त्याच रात्री दोन्ही कार्डांच्या प्रती दोन ठिकाणी कराव्यात आणि त्या ऐकून पाहिल्याशिवाय कार्ड पुसू नये. एक प्रत गायकाच्या घरी पोहोचती करावी. ती सौजन्याची बाब तर आहेच, शिवाय जतनाची ती आणखी एक जागा होय.

समारोप :

दुसरा ध्वनिमुद्रक ही चैन नसून क्षेत्रीय संशोधनाच्या विश्वसनीयतेचा भाग आहे. त्याची निवड किमतीवर किंवा नावीन्यावर न करता पहिल्या साधनाच्या उणिवांवरून करावी. वीज, मायक्रोफोन, कार्ड व पातळी या चारही बाबींत तो स्वतंत्र असेल, तर साधे यंत्रही पुरेसे होते. महाविद्यालयांच्या विभागांनी साधनखरेदीच्या वेळी एका महागड्या यंत्राऐवजी दोन भिन्न यंत्रांचा विचार करावा, अशी शिफारस येथे करावीशी वाटते. ग्रंथ हरवला तर त्याची दुसरी प्रत कुठेतरी सापडते. एखाद्या आजींच्या कंठातील गाण्याची दुसरी प्रत मात्र आपण केली तरच असते.