उफणणीच्या छायाचित्रातील भौतिकी

रब्बीची ज्वारी निघाली, की खळ्यावर उफणणीची वेळ येते. तिवईवर उभे राहून वाऱ्यात पाटी हलवली, की दाणे जवळजवळ सरळ खाली पडतात आणि भुसकट वाऱ्याबरोबर दूर जाते. मळणीयंत्रांमुळे हे दृश्य आता कमी झाले आहे. तुमच्या गावी ते कोठे दिसलेच, तर उफणणाऱ्यांना विचारून त्याचे छायाचित्र अवश्य घ्या. त्यात एक छान प्रयोग दडलेला आहे.

प्रत्येक छायाचित्रात थोडा काळ साठलेला असतो. फ्रान्समध्ये नीसेफॉर न्येप्स याने १८२६-२७ च्या सुमारास आपल्या खेड्यातील घराच्या माडीवरून अंगणाचे व छपरांचे चित्र घेतले. कॅमेऱ्याने टिपलेले व आज टिकून असलेले ते सर्वांत जुने छायाचित्र होय. त्याला इतके तास लागले, की समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर ऊन पडलेले दिसते! सूर्याची चालच त्या चित्रात उमटली आहे.

आता आपला कॅमेरा पाहा. मोबाइलच्या 'प्रो' पद्धतीत शटरचा काळ आपल्याला ठरवता येतो. समजा, तो १/१०० सेकंद ठेवला. तेवढ्या वेळात पडणारा दाणा थोडे अंतर कापतो आणि ठिपक्याऐवजी रेघ उमटते. पाटीजवळच्या रेघा आखूड, तर जमिनीजवळच्या लांब असतात. दाण्याचा वेग वाढत जातो, याचा हा डोळ्यांना दिसणारा पुरावा!

पण १/१०० सेकंद भर उन्हात चालणार नाही. मोबाइलचे भिंग बरेच 'उघडे' असते. एवढ्या वेळात इतका प्रकाश आत येईल, की चित्र पांढरेफटक पडेल. म्हणून सूर्य मावळल्यानंतरचा संधिप्रकाश निवडा, आयएसओ सर्वांत कमी ठेवा आणि मोबाइल एखाद्या पेटीवर स्थिर टेकवा. दाण्यांच्या शेजारी, कॅमेऱ्यापासून तेवढ्याच अंतरावर, एक मीटरपट्टी उभी धरायला मित्राला सांगा.

समजा, पाटीपासून ०.८ मीटर खाली रेघेची उभी लांबी, दाण्याची स्वतःची लांबी वजा करून, ३.८ सेंटीमीटर भरली. म्हणजे वेग सेकंदाला ३.८ मीटर. आता वेगाचा वर्ग करून त्याला उंचीच्या दुपटीने भागा: १४.४४ ÷ १.६ = सुमारे ९. गुरुत्वीय त्वरण ९.८ असते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मग उरलेले ०.८ कोठे गेले? काही भाग मोजमापातील चुकीचा असेल. पण बराचसा हवेच्या विरोधाचा आहे. दाण्याला हा विरोध थोडाच अडवतो. वजनाच्या मानाने पसरट असलेल्या भुसकटाला मात्र तो पार अडवून धरतो आणि वारा त्याला घेऊन जातो. ज्या हवेने तुमचे उत्तर कमी आले, तीच हवा धान्य निवडून देते!

चित्राखाली गाव, तारीख, पीक, वाऱ्याची दिशा आणि अवजारांची तुमच्या भागातील नावे लिहून ठेवा. यंत्राने कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. पण पाटी हलवणाऱ्या हातांचे ज्ञान नोंदीवाचून हरवू नये.

जाता जाता एक प्रश्न: दाण्यांच्या रेघा खाली लांबत जातात, पण भुसकटाच्या रेघा फारशा लांबत नाहीत. असे का? चित्र काढा, मोजा आणि वर्गात चर्चा करा.