लिनक्स प्रणाली : हार्डवेअर सुसंगतता आणि समुदायाचे साहाय्य

प्रस्तावना :
विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आवश्यक असल्याने महाविद्यालयीन प्रयोगशाळांतील अनेक सुस्थितीतील संगणक बाद ठरू शकतात. लिनक्स हा त्यावरील पर्याय आहे. मात्र तत्पूर्वी हार्डवेअर सुसंगततेचा विचार अगत्याचा ठरतो.

हार्डवेअर सुसंगतता :
लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या लिनक्स कर्नलमध्येच असंख्य उपकरणांचे ड्रायव्हर समाविष्ट असतात. अडचण येते ती प्रामुख्याने वाय-फाय, ग्राफिक्स कार्ड व प्रिंटर यांबाबत. कारण काही उत्पादक तांत्रिक तपशील खुले करीत नाहीत. डेबियनने २०२३ मधील १२ व्या आवृत्तीपासून अशा उपकरणांचे फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घेतले. उलट २०२५ मधील १३ व्या आवृत्तीत ३२-बिट पीसीचा इन्स्टॉलर वगळला. म्हणून प्रथम पेन ड्राइव्हवरून लिनक्स 'लाइव्ह' सुरू करून, हार्ड डिस्कवर काहीही न बदलता, प्रत्येक उपकरण तपासावे.

समुदायाचे साहाय्य :
विनामूल्य लिनक्सच्या अडचणींची उत्तरे बहुधा स्वयंसेवक देतात. 'वाय-फाय चालत नाही' एवढ्यावरून निदान होत नाही. कारण एकाच मॉडेलमध्ये निरनिराळ्या चिप आढळतात. 'एलएसपीसीआय' वा 'एलएसयूएसबी' या आज्ञेने मिळणारी चिपची ओळख, कर्नलची आवृत्ती व त्रुटिसंदेश कळवल्यास निदान सुकर होते.

निष्कर्ष :
सुसंगतता गृहीत न धरता तपासावी. सापडलेला उपाय नोंदवहीत लिहावा व समुदायालाही कळवावा. त्यातूनच दुसऱ्या महाविद्यालयातील संगणक भंगारात जाण्यापासून वाचू शकेल.